शागिर्दी आणि पोटाची विद्या

मुलाचा गळा गोड असला, तो भजनात उठून दिसू लागला, की सारे गाव कौतुक करते. पण तोच मुलगा "मी गाण्यावरच जगणार" म्हणाला, की घरात प्रश्न उभा राहतो : खाणार काय? नोकरी नाही, ठरलेला पगार नाही, मग संसार व्हायचा कसा? हा प्रश्न नवा नाही. त्याचे एक उत्तर आपल्याच मुलखातील एका गवयाने सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन पाहिले. ते गवई म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

आधी जुनी रीत बघू. गुरूने शागिर्दाच्या मनगटाला गंडा बांधला, की तो गुरूच्या घरचा झाला. पाणी भरावे, तंबोरा वाहावा, मैफलीत मागे बसून सूर द्यावा, आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा तालीम घ्यावी. मिरजेजवळच्या बेडग गावी 1849 साली जन्मलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचेच पाहा. गाणे शिकायचे म्हणून हा मुलगा घर सोडून निघाला. धारला देवजीबुवांकडे शिक्षण सुरू झाले, पण त्या घरातील जाचामुळे ते तुटले. पुढे वासुदेवबुवा जोशी भेटले, तेव्हा कुठे ग्वाल्हेरची गायकी हाती आली. तीच बुवांनी महाराष्ट्रात आणली. अशा शागिर्दीत विद्या हाडीमासी मुरत असे, यात शंकाच नाही.

पण विद्या मिळाल्यावर पुढे काय? गवयापुढे मोठा दरवाजा एकच असे, तो संस्थानिकाचा. राजा प्रसन्न, तर बिदागी. राजाची मर्जी फिरली, तर पुन्हा वाटचाल.

कुरुंदवाडला 1872 साली जन्मलेले विष्णु दिगंबर मिरजेस बाळकृष्णबुवांकडे सुमारे नऊ वर्षे शिकले. दरबारात गवयांना मिळणारी वागणूक त्यांना खुपत होती. 1896 साली त्यांनी मिरज सोडली. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. गाणे ऐकायचे तर दाम मोजा, मग तुम्ही सरदार असा की दुकानदार! त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि 1908 साली मुंबईत शाखा उघडली. विद्यालय चालायचे ते लोकांच्या वर्गणीवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि स्वतः बुवांच्या मैफलींच्या मिळकतीवर.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो तेथला उपदेशक वर्ग. गरीब मुलांना जेवणखाण व राहणे फुकट. त्याबदली ठराविक वर्षे विद्यालयात राहण्याचा करार. ही मुले स्वतः शिकत आणि खालच्या वर्गांना शिकवीत. स्वरलेखन शिकत, बुवांबरोबर दौऱ्यावर जात. विद्यालयाचा स्वतःचा छापखाना होता, वाद्ये दुरुस्त करण्याची सोय होती. म्हणजे शागिर्दी तीच, शिस्तही कडक. फरक एवढाच, की बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती गाण्याबरोबर पोटाचीही विद्या असे.

हे सारे सुखासुखी झाले नाही. विद्यालयावर कर्ज चढले आणि 1924 च्या सुमारास मुंबईची इमारत लिलावात गेली. पण इमारत गेली तरी शिष्य उरले. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास यांची नावे देशभर झाली. बी. आर. देवधरांनी 1925 साली मुंबईत आपली शाळा काढली. विनायकराव पटवर्धनांनी 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय उभे केले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1931 साली, बुवा वारले होते.

आता कुणी म्हणेल, वर्गात तास लावून गवई होत असतो काय? या आक्षेपात तथ्य आहे. घंटेच्या ठोक्यावर गायकी मुरत नाही. तिला गुरूचा सहवासच लागतो. पण नुसत्या सहवासाने चूलही पेटत नाही. बुवांनी दोहोंची सांगड घालण्याचा प्रयत्न केला, हे त्यांचे मोठेपण.

म्हणून शिक्षकबंधूंना एवढेच सांगणे आहे. गावचे एखादे पोर गाण्यावर जगू म्हणाले, तर त्याला हसू नका, आणि नुसती शाबासकी देऊन मोकळेही होऊ नका. त्याला चांगला गुरू बघून द्या. त्याचबरोबर तंबोरा जुळवणे, दुसऱ्याची साथ करणे, लहान मुलांना शिकवणे आणि मिळकतीचा हिशेब ठेवणे, हेही तो शिकतो ना, ते बघा. गळा देवाने दिला असेल. बाकीचे शिकवावे लागते.