डॉक्टरेटचे प्रवेशद्वार आणि मोजमापाचे शास्त्र : शैक्षणिक मानसशास्त्रातील संशोधन-प्रवेशाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पीएच.डी. पदवीच्या इतिहासात प्रबंध, मार्गदर्शक आणि विद्यापीठे यांची चर्चा विपुल आढळते. या पदवीसाठी कोणाचा अर्ज कोणत्या कसोटीवर स्वीकारला गेला, हा प्रश्न मात्र दुय्यम मानला जातो. शैक्षणिक मानसशास्त्र व संशोधन पद्धती या अभ्यासक्षेत्रात तो दुय्यम राहत नाही. मानवी क्षमतेचे मोजमाप हा ज्या शास्त्राचा विषय, त्याच शास्त्राच्या दारात उमेदवाराचे मोजमाप कसे झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील विद्यापीठांच्या संदर्भात या प्रश्नाचा आढावा घेतला असून अखेरीस भारतातील नियमांशी त्याचा असलेला संबंध स्पष्ट केला आहे.

प्राध्यापकांच्या संमतीचा काळ

अमेरिकेतील पहिल्या पीएच.डी. पदव्या येल विद्यापीठाने १८६१ मध्ये दिल्या. १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जर्मन धर्तीवर संशोधनाला केंद्रस्थान दिले. १८८९ मध्ये उघडलेल्या क्लार्क विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष जी. स्टॅन्ली हॉल यांनी बालकांच्या अभ्यासाला मानसशास्त्राची जोड दिली. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली आणि १८९९ पासून टीचर्स कॉलेजमध्ये अध्यापन केले. शैक्षणिक मानसशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९०३ मध्ये आणि मानसिक व सामाजिक मोजमापावरील ग्रंथ १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयाला स्वतंत्र ज्ञानशाखेचे रूप येण्यात या दोन ग्रंथांचा वाटा मोठा आहे.

या काळात प्रवेशासाठी सर्वत्र लागू असलेली परीक्षा नव्हती. पूर्वीची पदवी, परिचित विद्वानाचे शिफारसपत्र आणि प्राध्यापकाची संमती यांवर निर्णय होत असे. ही रीत सोपी होती, परंतु ती सर्वांना सारखी खुली नव्हती. मेरी व्हिटन कॅल्किन्स यांचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वेलस्ली महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या कॅल्किन्स यांना हार्वर्डने केवळ अतिथी म्हणून बसू दिले. १८९५ मध्ये विल्यम जेम्स आणि ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्यासह परीक्षकांनी त्यांना पदवीयोग्य ठरविले. तथापि त्या स्त्री असल्याने विद्यापीठाने पदवी नाकारली. १९०२ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी देऊ केली असता त्यांनी ती स्वीकारली नाही. १९०५ मध्ये त्याच कॅल्किन्स अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या. येथे प्राध्यापकांची संमती होती. अडसर संस्थेचा होता.

वर्णभेदाचा अडसर याहून कठोर होता. टेक्सासमधील कृष्णवर्णीय शिक्षिका इनेझ बेव्हर्ली प्रॉसर यांना वर्णविभाजनामुळे आपल्या राज्यात पदव्युत्तर शिक्षण घेणे शक्य नव्हते. त्यासाठी त्या कोलोरॅडोला गेल्या आणि पुढे १९३३ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात त्यांनी शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय मिश्र आणि विभक्त शाळांतील कृष्णवर्णीय मुले हा होता. पुढच्याच वर्षी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

परीक्षेचा उदय

१९३७ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांच्या सहकार्याने ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन, म्हणजेच जीआरई, सुरू केली. १९४७ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस स्थापन झाल्यावर तिचे संचालन त्या संस्थेकडे गेले. ओळखीपाळखीपेक्षा गुणांना महत्त्व देणारी ही व्यवस्था अपरिचित महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही समान प्रश्नपत्रिका देत होती. दूरदेशीच्या उमेदवारांनाही, ज्यांत पुढे भारतीयांची संख्या लक्षणीय झाली, याच परीक्षेने वाट करून दिली. ही या परीक्षेची जमेची बाजू नाकारता येत नाही.

कसोटीची कसोटी

याच सुमारास संशोधन पद्धतीचे स्वरूपही पालटत होते. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये विश्वसनीयतेचा अल्फा गुणांक मांडला. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये प्रायोगिक आराखड्यांची चिकित्सा केली. स्वतः एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसमध्ये कार्यरत असलेल्या सॅम्युअल मेसिक यांनी १९८९ मध्ये सप्रमाणतेची व्याख्या विस्तारली. गुणांवरून काढलेले निष्कर्ष आणि त्यांचा केलेला उपयोग या दोहोंचे समर्थन करता आले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. शास्त्राने आपल्याच दाराकडे पाहण्याचे साधन अशा रीतीने स्वतःच निर्माण केले.

२००१ मध्ये कुन्सेल, हेझलेट आणि वन्स यांनी ८२,६५९ विद्यार्थ्यांच्या माहितीचे मेटा-विश्लेषण प्रसिद्ध केले. परीक्षेचे गुण पुढील शैक्षणिक यशाशी निगडित असल्याचे त्यातून दिसले. तथापि अशा अभ्यासांना एक मूलभूत मर्यादा असते. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांचीच पुढील कामगिरी मोजता येते; नाकारलेल्या उमेदवाराने काय केले असते, हे आकडेवारीत येत नाही. सांख्यिकीत तिला व्याप्तिसंकोच म्हणतात. गणिती दुरुस्तीने सहसंबंधाचा अंदाज सुधारतो; नाकारलेली माणसे मात्र त्यातून परत येत नाहीत. २०२० नंतर अमेरिकेतील अनेक विभागांनी जीआरईची अट शिथिल केली किंवा काढून टाकली. त्यामुळे शिफारसपत्र आणि संशोधन-निवेदन यांचे वजन पुन्हा वाढले आणि ओळखीचा जुना प्रश्नही नव्याने उभा राहिला.

भारतीय संदर्भ

भारतातही अनेक विद्यापीठांत मार्गदर्शकाची संमती हीच दीर्घकाळ प्रमुख पायरी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रवेश परीक्षा, मुलाखत आणि संशोधन पद्धतीचा समावेश असलेले किमान एका सत्राचे कोर्सवर्क आवश्यक केले. २०२२ च्या नियमावलीत विद्यापीठाच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश आहे. २०२४ मध्ये आयोगाने नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचा निर्णय घेतला. संमतीकडून गुणांकडे झालेला हा प्रवास अमेरिकेतील प्रवासाशी बराचसा समांतर आहे.

निष्कर्ष

प्राध्यापकाची संमती असो वा परीक्षेचा गुण, प्रवेशाची कोणतीही कसोटी स्वयंसिद्ध नसते. परीक्षेने वशिल्याला आळा घातला, हे तिचे ऐतिहासिक श्रेय होय. तथापि कॅल्किन्स आणि प्रॉसर यांच्यापुढे उभे राहिलेले अडथळे गुणवत्तेच्या अभावाचे नव्हते आणि ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेने दूर झाले नसते. कोर्सवर्कमध्ये सप्रमाणता शिकविणाऱ्या विभागाने आपल्या प्रवेश परीक्षेचे गुण आणि विद्यार्थ्यांचे पुढील संशोधन यांची नोंद ठेवून त्यांचा संबंध तपासणे, तसेच नाकारलेल्या अर्जांची कारणे लिहून ठेवणे आवश्यक आहे. जो विभाग इतरांच्या चाचण्या तपासतो, त्याने प्रथम आपल्या दाराची चाचणी तपासावी, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.