पालकांकडून बाळाला होणारा एच.आय.व्ही. संसर्ग आणि गरोदर स्त्रियांची जाणीव : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये आढळून आला. या आरंभाची छाया दीर्घकाळ टिकून राहिली. हा रोग 'तसल्या' बायकांचा, ही समजूत समाजात रुजली आणि संसारी स्त्रीला आपणासही त्याचा धोका संभवतो असे वाटण्याचे कारणच उरले नाही. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) स्थापन झाली. तरीही १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांनीच एड्सचे नाव ऐकलेले होते. आईपासून बाळाला होणाऱ्या संसर्गाची माहिती ही तर त्यापुढची पायरी होय.

पुण्यातील अभ्यास :
पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात झालेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वरील समजुतीला धक्का दिला. तेथे आलेल्या, परंतु देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रिया बाधित आढळल्या. त्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या व पतीखेरीज अन्य कोणाशी त्यांचा संबंध नव्हता. म्हणजेच त्यांचा धोका त्यांच्या वर्तनात नसून विवाहातच होता. अशा स्त्रीने स्वतःची काळजी घ्यावी, हा उपदेश कितपत उपयोगी होता?

औषधोपचार व कार्यक्रमाचा विस्तार :
उपचार न केल्यास गरोदरपण, प्रसूती व स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना संसर्ग होऊ शकतो. १९९४ मध्ये झिडोव्ह्यूडीन या औषधाच्या चाचणीत, स्तनपान न करणाऱ्या मातांच्या बाळांमधील हे प्रमाण २५.५ वरून ८.३ टक्क्यांवर आले. मात्र हा उपचार दीर्घ व महागडा होता. १९९९ मध्ये युगांडातील संशोधनाने सोपा मार्ग दाखविला. प्रसूतीच्या कळा सुरू होताच मातेला नेव्हिरॅपीनची एक गोळी व ७२ तासांच्या आत बाळाला एक मात्रा दिल्यास संसर्ग जवळपास निम्म्याने घटत होता. भारतात २००० मध्ये झिडोव्ह्यूडीनचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, पुढे नेव्हिरॅपीन स्वीकारण्यात आले आणि २००२ पासून कार्यक्रमाचा विस्तार झाला.

या कार्यक्रमाच्या नावात 'माता' हा शब्द टाळून 'पालक' हा शब्द जाणीवपूर्वक योजला गेला. जबाबदारी पतीचीही आहे, हे त्यातून सूचित करावयाचे होते. व्यवहार मात्र निराळा राहिला. तपासणी प्रसूतिपूर्व चिकित्सालयात होत असल्याने कुटुंबात पहिला अहवाल बहुधा सुनेचाच येई आणि 'हिनेच रोग घरात आणला' असा ठपकाही तिच्यावरच बसे. त्यामुळे माहिती असूनही ती लपविणे अनेकींना अधिक सुरक्षित वाटले.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण होती. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा येथे आहे. नावनोंदणी सासरच्या गावी, प्रसूती माहेरी. आणि नेव्हिरॅपीनचा सारा भर तर कळा सुरू होण्याच्या वेळेवर. माहेरी खरे सांगावे तर बोभाटा, न सांगावे तर बाळाची मात्रा चुकणार. शिवाय अंगावर न पाजण्याचा सल्ला मिळालेल्या बाळंतिणीला शेजारणींच्या प्रश्नांना उत्तर द्यावे लागे, ते वेगळेच. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधोपचारासह स्तनपानाचा पर्याय सुचविला, तेव्हा हा पेच काहीसा सैल झाला.

२००५-०६ च्या सर्वेक्षणात एड्सविषयी ऐकलेल्या स्त्रिया ६१ टक्के, तर पुरुष ८४ टक्के होते. ज्याला अधिक ठाऊक होते त्याची तपासणी मागाहून, आणि जिला कमी ठाऊक होते तिची आधी, असा हा उलटा क्रम होता.

पुढील काळ :
१ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभर तिहेरी औषधोपचार देण्याचे धोरण देशभर लागू झाले. एका गोळीच्या वेळेवरील अवलंबन त्यामुळे संपले. रोजची गोळी घरात ठेवण्याचा प्रश्न मात्र पुढे आला. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. गर्भारपणाचे परिणाम व उपचार यांविषयी बाधित स्त्रीला माहिती देणे हे त्याने शासनाचे कर्तव्य ठरविले आणि तिच्या संमतीवाचून गर्भपात वा नसबंदी करण्यास मनाई केली. तोवर जाणीव ही केवळ स्त्रीकडून अपेक्षिली जात होती.