इंदूरची चित्रशाळा

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील मला भेटावयास शाळेत आले. त्यांची भाजीची गाडी आहे. मुलगा संध्याकाळी गाडीवर हात देण्याऐवजी कागद-पेन्सिल घेऊन बसतो, ही त्यांची तक्रार. "मास्तर, चित्रं काढून ह्याचं पोट भरणार आहे का?" असे त्यांनी सरळच विचारले. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला घेणारे जे शिक्षक असतात, त्यांपैकीच मीही एक. त्यामुळे मला चटकन उत्तर सुचले नाही. पुढे विचार करता करता ध्यानात आले की, हाच प्रश्न आमच्या इंदूर शहराला पूर्वी एकदा पडला होता आणि एका चित्रकाराने त्याचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले होते. त्या चित्रकाराचे नाव दत्तात्रय दामोदर देवळालीकर.

मुंबईस कलाशिक्षण घेतलेल्या देवळालीकरांनी 1927 साली इंदुरात चित्रकलेची शाळा सुरू केली. त्या वेळचे इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी आणि कापडगिरण्यांचे गाव. दरबारातील कारकून, वकील, शिक्षक, गिरणीतील नोकरदार अशी मध्यमवर्गीय वस्ती. तीत मराठी कुटुंबे पुष्कळ. अशा घरांत मुलाने मॅट्रिक व्हावे, नोकरी धरावी, हीच अपेक्षा असावयाची. चित्रकलेला घरोघरी विरोध होता असे नाही. पण ती फावल्या वेळची हौस मानली जाई. अशा गावात चित्रशाळा चालविणे म्हणजे केवळ रंगरेषा शिकविणे नव्हे. आधी गावाचा विश्वास मिळवावा लागतो.

हा विश्वास कसा जडला, याची दोन कारणे मला दिसतात. पहिले अगदी व्यावहारिक आहे. शाळेचे विद्यार्थी मुंबईच्या सरकारी कलापरीक्षांना बसत. 1910 साली इंदुरातच जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे येथे शिकले आणि 1933 मध्ये त्यांनी मुंबईची सरकारी पदविका मिळविली. दुसऱ्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक त्यांच्या पदरी पडले. मुलगा चित्रे काढतो, यापेक्षा मुलगा मुंबईची परीक्षा उतरला, हे वाक्य बापाला अधिक लवकर कळते. त्याला कोणी हसू नये. संसार चालविणाऱ्या माणसाने हिशेब मागावा, यात गैर काय?

दुसरे कारण अधिक खोल आहे. देवळालीकरांचे विद्यार्थी चार भिंतींत बसून राहिले नाहीत. प्रत्यक्ष जागेवर बसून निसर्गचित्र काढण्याची परंपरा त्या शाळेत रुजली आणि पुढे तीच इंदूरच्या चित्रकारांची ओळख ठरली. नदीकाठ, झाडे, जुन्या वाड्यांच्या भिंती, माळव्याचे ऊन हेच त्यांचे विषय झाले. रस्त्याच्या कडेला मुलगा चित्र काढीत बसला की येणारा-जाणारा थांबतोच. आपण रोज ज्या भिंतीजवळून जातो, तिच्यावर संध्याकाळी जांभळी सावली पडते, हे त्याला कागदावर प्रथम दिसते. वर्गणीच्या पावतीने जे साधत नाही, ते अशा घटकाभर थांबण्याने साधते. कलेला आश्रय देणारा समाज तयार करावयाचा, तर आधी पाहणारा समाज तयार करावा लागतो.

या शाळेतून निघालेली माणसे पाहिली म्हणजे गुरूचा मोठेपणा कळतो. पंढरपुरात 1915 साली जन्मलेले आणि लहानपणीच इंदुरास आलेले मकबूल फिदा हुसेन काही काळ येथे शिकले. देवकृष्ण जटाशंकर जोशी यांनी नर्मदेचे घाट आणि भिल्लांचे जीवन रंगविले. सोलेगावकर, विष्णू चिंचाळकर हेही येथलेच. यांतील एकाचे चित्र दुसऱ्याच्या चित्रासारखे नाही. शिष्यांनी आपल्यासारखे व्हावे, हा मोह गुरूला आवरता येणे फार कठीण. शिक्षक म्हणून मला ते ठाऊक आहे.

त्याच काळात, त्याच शहरात, कलेला दुसऱ्या प्रकारचा आश्रयही मिळत होता. तरुण महाराज यशवंतराव होळकर यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस याच्याकडून माणिकबाग राजवाडा नव्या युरोपीय पद्धतीने सजवून घेतला. महाराजांची दृष्टी असामान्य होती, यात शंका नाही. ब्रांकुशी या थोर शिल्पकाराची अवकाशातील पक्ष्याची तीन शिल्पे त्यांनी घेतली. परंतु हा सारा ठेवा राजवाड्याच्या भिंतींआड राहिला. संस्थान गेले, महाराज 1961 साली वारले. त्या पक्ष्यांपैकी संगमरवराचे दोन 1973 साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने विकत घेतले. राजवाड्यातील सामानाचा 1980 मध्ये मोनाकोस लिलाव झाला, आणि राजवाड्यात सरकारी कचेरी आली. पक्षी उडून गेले. गावाला त्यांचा पत्ताही नव्हता, मग हळहळ तरी कोणाला वाटावी? ज्या वस्तू गावाने कधी पाहिल्या नाहीत, त्या राखण्यासाठी गाव उठत नाही. चित्रशाळेचे मात्र तसे झाले नाही. ती गावच्या मुलांत राहत होती, म्हणून राजवट बदलली तरी तिचा वंश चालू राहिला.

त्या वंशाच्या दोन शाखा सांगतो. बेंद्रे 1950 साली बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या ललितकला विद्याशाखेत चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून गेले, 1959 मध्ये तिचे अधिष्ठाता झाले आणि 1966 पर्यंत तेथे राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, तेथे कलामेळ्याची प्रथा सुरू झाली. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून लाकडाची, कागदाची, मण्यांची खेळणी करीत आणि गावातील लोक ती विकत घेत. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या कलावंताने केलेले खेळणे सामान्य घरातील मुलाच्या हाती जाई. एरवी ज्या माणसाने चित्रप्रदर्शनाचा उंबरा ओलांडला नसता, तो मेळ्यात मुलाचे बोट धरून येतो.

दुसरी शाखा इंदुरातच राहिली. विष्णू चिंचाळकर यांना सारे गाव गुरुजी म्हणे. 1917 साली जन्मलेले आणि 2000 साली निवर्तलेले हे चित्रकार कसलेले होते; पण पुढे त्यांनी वाळकी पाने, काटक्या, बिया, फाटके जोडे अशा टाकाऊ वस्तूंतून आकार शोधण्याचा छंद घेतला आणि तो मुलांना लावला. कुंचला आणि रंग विकत आणण्याची ऐपत नाही, ही सबब त्यांनी ठेवलीच नाही. ज्याला दिसते, त्याला साहित्य रस्त्यावर पडलेले आहे, हा त्यांचा धडा. देवळालीकरांनी मुलांना रस्त्यावर बसविले, चिंचाळकरांनी रस्त्यावरची वस्तू मुलांच्या हाती दिली. धागा एकच आहे.

आता त्या भाजीवाल्या गृहस्थांकडे वळतो. मी त्यांना मोठमोठी नावे सांगितली नाहीत. प्रत्येक मुलाचा हुसेन होत नाही, आणि तशी आशा दाखविणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते. मी इतकेच म्हणालो की, येत्या रविवारी तासभर गाडी कोणाकडे तरी सोपवा आणि मुलाला घेऊन माझ्याबरोबर चला. शहरात एक लहानसे चित्रप्रदर्शन भरले होते, तेथे आम्ही तिघे गेलो. एका बाजाराच्या चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले. मग मुलाला जवळ ओढून म्हणाले, "मेथी शिळी काढलीय. ताज्या जुडीची पानं अशी पडत नाहीत." मुलाने मान वर करून बापाकडे पाहिले. आपल्या वडिलांना चित्रातले कळते, हे त्याला त्या दिवशी प्रथम समजले.

मुलगा आजही आठवड्यातून चार संध्याकाळी गाडीवर उभा असतो. उरलेल्या तीन त्याच्या आहेत. बापलेकांत तसा करार झाला आहे. आणि चित्रकलेचा तास मी आता गणिताला घेत नाही.