अशिलाचे मूळ

माझी भाची यंदा पुण्यात पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला लागली. पहिल्या सत्रानंतर घरी आली ती एक शब्द घेऊनच. ‘मामा, अशील म्हणजे शील नसलेला का रे? मग वकील स्वतःच्याच माणसाला असं कसं म्हणतो?’

शंका रास्त आहे. संस्कृतची सवय झालेल्या कानाला ‘अशील’मध्ये नकाराचा ‘अ’ आणि पुढे ‘शील’ ऐकू येणारच. त्यातून ‘अश्लील’ इतका जवळ राहतो की, त्याची सावली या शब्दावर पडावी. पण अशिलाचा आणि शिलाचा काही संबंध नाही. अरबीत ‘अस्ल’ म्हणजे मूळ, बूड, पाया. त्यावरून ‘असील’ म्हणजे मुळाचा, जातिवंत. आपले ‘अस्सल’ आणि ‘असली’ याच घरातले. झुंजीच्या कोंबड्यांतला नावाजलेला ‘असील’ही तोच. कोंबड्यात जे रक्ताचे अस्सलपण, ते दाव्यात हक्काचे.

मग ‘स’चा ‘श’ कुठून आला? इथे मराठीची एक जुनी खोड कामी येते. इ-ईच्या आधीचा ‘स’ आपल्या तोंडी पुष्कळदा ‘श’ होतो. सीमेची शीव झाली, सिंचण्याचे शिंपणे झाले. हीच सवय परक्या शब्दांनाही लागली. सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सिफारिशची शिफारस, वसील्याचा वशिला. ‘त्यात काय हशील?’ असे आपण म्हणतो ते हशील म्हणजे अरबी ‘हासिल’, हाती आलेले. हासिलचे जसे हशील, तसेच असीलचे अशील. कोणी मुद्दाम केलेले नाही, जीभच तशी वळलेली दिसते.

एवढ्यावर भाचीचे समाधान झाले, पण माझे होईना. मूळचा, जातिवंत, इथून पक्षकारापर्यंत हा शब्द आला कसा? त्याचे उत्तर त्याच्या जोडीदारात आहे. ‘वकील’ हा ‘व-क-ल’ या धातूचा, आणि त्या धातूचा अर्थ सोपवणे, हवाली करणे. ज्याच्यावर काम सोपवले तो वकील. इस्लामी न्यायशास्त्रात असील आणि वकील ही नेमकी जोडी आहे: ज्याचा मूळ हक्क तो असील, त्याच्या वतीने जो उभा राहतो तो वकील. मराठीने दोन्ही शब्द जोडीनेच उचललेले दिसतात. हिंदी-उर्दूने मात्र पक्षकाराला ‘मुवक्किल’ म्हटले, म्हणजे सोपवणारा. तो वकिलाच्याच धातूतून निघतो, म्हणजे माणसाची ओळख वकिलामुळे ठरते. मराठीत तसे होत नाही. अशील स्वतःच्या मुळावर उभा आहे आणि वकील त्याच्यामुळे वकील आहे. मला ही मराठीची निवड फार आवडते.

भाचीच्या टेबलावर १८७२ चा भारतीय करार कायदा पडला होता. व्यापारी कायद्याचा अभ्यास सगळीकडे तिथूनच सुरू होतो. त्याच्या दहाव्या प्रकरणात, कलम १८२ मध्ये, दुसऱ्यासाठी कृती करायला किंवा तिऱ्हाइताशी होणाऱ्या व्यवहारात दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करायला नेमलेल्या माणसाची व्याख्या आहे, आणि ज्याच्यासाठी ती कृती होते त्याचीही. वर्गात त्यांना एजंट आणि प्रिन्सिपल म्हणतात. सरकारी मराठीने एजंटासाठी ‘अभिकर्ता’ घडवला. त्या शब्दात करणे आहे, सोपवणे नाही, आणि विश्वास तर नाहीच. अशील-वकील ही जोडी कोर्टाच्या आवारातून बाहेर काढून करार कायद्यात बसवली असती, तर कलम १८२ मराठी मुलाला बोली भाषेतच समजले असते, असे मला वाटते.

याच अंगणात ‘मुखत्यार’ आहे. मुखत्यारपत्र लिहून देताना आपल्याला त्यात ‘मुख’ दिसते: जो आपल्या वतीने बोलतो, आपले तोंड होतो, तो मुखत्यार. इतके चपखल की खरे वाटावे. पण तो अरबी ‘मुख्तार’, म्हणजे निवडलेला. ‘इख्तियार’ म्हणजे निवड, मर्जी. त्याचा आपण ‘अखत्यार’ केला आणि ‘हे माझ्या अखत्यारीत येत नाही’ असे म्हणू लागलो. कुलमुखत्यारातला ‘कुल’ही घराण्याचा नाही, अरबी ‘कुल्ल’ आहे, म्हणजे सगळा. तरी लोकांच्या मनातली ती चुकीची व्युत्पत्ती मी पुसून टाकणार नाही. ‘मुख’ दिसल्यामुळेच कदाचित मराठीत ‘त्यार’च्या आधी ‘मुख’ इतका ठळक उच्चारला जात असावा.

पेशवाईच्या कागदांत वकील शोधायला गेले तर तो कोर्टात नाही, दरबारात सापडतो. हिंगणे घराणे दिल्लीत पेशव्यांचे वकील होते, पुणे दरबारात पोर्तुगीजांचा वकील असे. आजच्या भाषेत हे सगळे राजदूत. अशील एक राज्य, वकील त्याचा माणूस, नाते तेच. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांच्या खटपटीने बादशहा शाह आलमने पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’ हे पद दिले. इथला ‘मुतलक’ म्हणजे मोकळा सोडलेला, बंधनाविना. कौटुंबिक कायद्याच्या तासाला भेटणारा ‘तलाक’ त्याच धातूचा. मराठीत ‘मुतालिक’ म्हणून दुसरा शब्द आहे. तो कानाला जुळा भाऊ वाटतो, पण तो ‘मुतअल्लिक’, म्हणजे जोडलेला, लगतचा. तालुका याच कुळातला. एक सुटलेला, एक बांधलेला, आणि दोघेही कोणाच्या तरी वतीने कारभार पाहणारे. शब्दांत असे योग क्वचित जुळतात.

म्हणजे वकील हा मुळात आंतरराष्ट्रीय माणूस होता आणि नंतर दिवाणी-फौजदारीच्या आवारात आला असे दिसते. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द मात्र अगदी नवा. तो जेरेमी बेंथमने घडवला. १७८० मध्ये छापलेल्या आणि १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ‘राष्ट्रांचा कायदा’ या जुन्या प्रयोगाऐवजी हे विशेषण आणले. त्यातला लॅटिन ‘इंटर’ आणि संस्कृत ‘अंतर्’ सख्खे भाऊ आहेत. मराठीने भाषांतर करताना नकळत मूळ धातूच परत आणला. मात्र एक पेच उरला. संस्कृतात ‘अंतर्’ म्हणजे बहुधा आत: अंतर्मन, अंतर्गृह. त्या न्यायाने ‘अंतर्राष्ट्रीय’ म्हणजे राष्ट्राच्या आतले, नेमके उलट. मराठीने ‘आंतर’ घेतला आणि आंतरजातीय, आंतरपीक असे त्याचे घर वाढवले. मध्ये असणे हा अर्थ आपल्याला परका नव्हताच. लग्नात वधू-वरांच्या मध्ये धरतात तो अंतरपाट. दोन पक्षांच्या मधले वस्त्र, आणि ते दूर होताच नवे नाते. दोन राष्ट्रांमधल्या कायद्याला याहून चांगला दृष्टांत मला सुचत नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकात भाचीला एक खटला नेमलेला आहे. तो वाचताना मी अक्षरशः उभा राहिलो. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला. आदल्या वर्षी दादरा आणि नगर-हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली होती. त्या मुक्तिसंग्रामात गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. दमणपासून त्या गावांपर्यंत भारताच्या भूमीवरून जाण्याचा हक्क आपल्याला आहे, असा पोर्तुगालचा दावा. तो सिद्ध करायला आधार कशाचा, तर १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या मराठी सनदा. नगर-हवेलीची गावे पेशव्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्वासह दिली की नुसता महसूल दिला, या प्रश्नावर युरोपच्या त्या शहरात मराठी दस्तांची चिकित्सा झाली. भारताकडून तात्पुरते न्यायाधीश म्हणून बसले होते मो. क. छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश, जे तरुणपणी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवत. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की मराठ्यांनी दिले ते बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाचे, जहागीर किंवा सरंजाम या स्वरूपाचे. सार्वभौमत्व नव्हे. पुढे इंग्रजी अमदानीत मात्र पोर्तुगीजांचे स्वामित्व मान्य केले गेले होते, म्हणून सामान्य माणसे, अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क न्यायालयाने मानला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांचा नाही. आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही, असे ठरले.

‘सरंजाम’ हा शब्द हेगच्या निकालपत्रात बसला आहे. फारसीत ‘सर’ म्हणजे डोके, ‘अंजाम’ म्हणजे शेवट. आरंभापासून शेवटापर्यंतची तजवीज, म्हणून साहित्य, सामग्री. सरदाराने फौज बाळगायची तर तिची तजवीज हवी; त्यासाठी मुलूख लावून दिला, म्हणून तो मुलूखच सरंजाम. अर्थ पुन्हा घरी परतला तो लग्नाच्या सरंजामात, भांडी-कुंडी, मंडप, आचारी. म्हणजे दिलेली गोष्ट जमीन नव्हतीच, खर्चाची सोय होती, हे शब्दातच लिहिलेले आहे. शेजारचा ‘जहागीर’ फारसीत ‘जागीर’ आहे, जागा धरणारा. आपल्याकडे त्यात ‘ह’ शिरला तो बादशहा जहांगीरच्या नावाच्या ओढीने असावा. जग धरणाऱ्याच्या नावाने गाव धरणारा मोठा झाला.

भाची म्हणाली, ‘मग हे सगळं कायदा शिकताना कोणी सांगत का नाही?’ मी म्हटले, कायदा हा शब्द तरी कुठे सांगतात? ‘काइदा’ हा बसणे या अर्थाच्या अरबी धातूचा. काइदा म्हणजे बैठक, पाया, आणि मग नियम. त्याचे अनेकवचन ‘कवाइद’, ते मराठीत ‘कवायत’ झाले. म्हणजे शाळेच्या मैदानावर रांगेत उभे राहून आपण कायद्याचे अनेकवचन गिरवत होतो. पंजाबीत आणि उर्दूत मुलांच्या अक्षरओळखीच्या पुस्तकालाही काइदा म्हणतात, तोही पायाच. ‘कायदे आझम’ मात्र या घरातला नाही. तिथला ‘काइद’ नेतृत्व करणे या वेगळ्या धातूचा आहे. मुंबईत बॅरिस्टरी केलेल्या माणसाच्या बिरुदात कायदा दिसतो, पण तो नाही.

‘कानून’चा प्रवास लांबचा. ग्रीक ‘कानोन’ म्हणजे सरळ दांडी, मोजपट्टी. अरबीने तो घेतला, इब्न सिनाने आपल्या वैद्यकग्रंथाला ते नाव दिले. शिवकालीन ‘कानूजाबता’ आठवतो, पण पुढे मराठीने कानून हिंदीकडे सोडून कायदा जवळ केलेला दिसतो. त्याच कानोनचे दुसरे मूल युरोपात चर्चच्या कायद्याचे नाव झाले. आणि इथे एलएल. बी. या पदवीतले कोडे सुटते. लॅटिनमध्ये अनेकवचन दाखवायला अक्षर दोनदा लिहीत, म्हणून दोन ‘एल’, म्हणजे ‘कायद्यांचा’ पदवीधर. हे अनेकवचन मुळात रोमन आणि चर्चचा असे दोन कायदे शिकवले जात त्याचे असावे. तसे असेल तर दुसऱ्या ‘एल’मध्ये आपला कानूनच बसलेला आहे. बॅचलर शब्दात विद्वानांनी पुढे लॉरेलचे फळ शोधले, जसे आपण अशिलात शील शोधले. तो मूळचा हलक्या दर्जाच्या कुळाचा किंवा उमेदवार योद्ध्याचा शब्द असावा.

महाविद्यालयाच्या पाटीवर मात्र ‘विधी’ असतो. मीमांसेत विधी म्हणजे आज्ञा देणारे वाक्य, ज्याच्यामुळे माणूस कर्माला लागतो. त्यातूनच विधेयक, विधिमंडळ. बोलीत विधी म्हटले की लग्न किंवा अंत्यसंस्कार आठवतो, ही ओढाताण मला खटकते. ‘व्यवहार’ हा शब्द हातातून गेला याचे मला याहून जास्त वाईट वाटते. स्मृतिकारांच्या काळी न्यायालयीन वाद म्हणजेच व्यवहार. कात्यायनाने त्याची फोड केली: ‘वि’ म्हणजे नाना प्रकारचे, ‘अव’ म्हणजे संशय, ‘हार’ म्हणजे हरण, नाना संशय दूर करणारा तो व्यवहार. हे शास्त्रशुद्ध नसेल, पण न्यायाधीशाच्या कामाची याहून सुंदर व्याख्या मी वाचलेली नाही. कात्यायनाची विखुरलेली वचने १९३३ मध्ये एकत्र करून छापली ती पां. वा. काणे यांनी, जे उच्च न्यायालयात वकिली करत आणि त्याच शासकीय महाविद्यालयात कायदा शिकवून गेले होते. मनूने मोजलेल्या अठरा व्यवहारपदांत संभूयसमुत्थान आहे, म्हणजे मिळून उठणे, भागीदारी. क्रयविक्रयानुशय आहे, खरेदी-विक्रीनंतरचा पश्चात्ताप. आणि संविद्-व्यतिक्रम, ठरलेले मोडणे. सरकारी मराठीतली ‘संविदा’ इथूनच आली. भाचीच्या दुसऱ्या वर्षीची अर्धी विषयपत्रिका त्यात आहे. आज व्यवहार पैशाचा झाला आणि वाद कोर्टात गेला.

तिला पदवी मिळेल तेव्हा वकिली करायला सनद लागेल. ‘सनद’ अरबीत टेकणे या धातूची. ज्याला पाठ टेकता येते तो आधार. पुरावा हा टेकण्यासाठीच असतो. याच धातूतून ‘मसनद’ आला, लोड-तक्क्यांची गादी, जिच्यावर रेलून राजे बसत. पुण्याच्या मसनदीवरून निघालेल्या दोन सनदांना पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये पोर्तुगालने पाठ टेकली. भाचीने वहीत दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले, सनद आणि मसनद, आणि त्यांच्याखाली तिसरा लिहिला: अशील. या वेळी त्यावर प्रश्नचिन्ह नव्हते.