व्हीलचेअरसुलभ घर
व्हीलचेअर वापरणाऱ्याला कोणाच्या आधाराविना वावरता येईल अशी घराची रचना. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत उंच जोते, उंबरठा व अरुंद दार हे मुख्य अडथळे असतात. १५ सेंमी. उंचीच्या पायरीला १:१२ उताराचा १.८ मी. लांब रॅम्प लागतो. दार ९० सेंमी. रुंद आणि वळायला १.५ मी. व्यासाची मोकळी जागा हवी. हे परवडत नाही, हा आक्षेप मुख्यतः तोडफोडीला लागू पडतो. नव्या बांधकामात रुंद दाराचा बोजा अल्प असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा रोख सार्वजनिक इमारतींवर आहे. खासगी घर कुटुंबाच्याच निर्णयावर अवलंबून राहते. म्हणून घरकुलाचा पाया आखतानाच रॅम्प, दार आणि न्हाणीघर यांची मापे ठरवावीत.