तिकीट काढणारा बोका

मॉस्कोच्या ट्राममध्ये एक बोका चढतो आणि तिकिटाचे नाणे पुढे करतो. मांजरांना मज्जाव आहे म्हणून कंडक्टरबाई खेकसतात; पण बोका पैसे देतो आहे, याचे ना बाईंना नवल, ना उतारूंना! मिखाईल बुल्गाकोव्ह यांच्या ‘मास्टर आणि मार्गारिटा’ या कादंबरीतला हा प्रसंग. माझे इंग्रजी बेताचे. शब्दकोश मांडीवर घेऊन मी भाषांतर वाचत होतो, आणि इथे असा काही हसलो की आतली मंडळी लाटणे हातात घेऊनच बाहेर आली.

दुसऱ्या वाचनात मात्र एका पानावर अडलो. सैतान ज्या ५० नंबरच्या बिऱ्हाडात उतरतो, तिथली माणसे तो येण्याआधीपासूनच नाहीशी होत असतात. एक पोलीस येतो, सहीपुरते चला म्हणतो. भाडेकरू दहा मिनिटांत येतो असे सांगून जातो, तो गेलाच. घरातली मोलकरीण म्हणते, हे चेटूक! पहिल्या वेळी मी यालाही हसलो होतो. स्टालिनच्या राज्यात अशी माणसे खरोखरच नेली जात, हे ठाऊक असूनही. आणि या घराचा पत्ताही सगळा कल्पनेतला नव्हे. १९२१ मध्ये मॉस्कोत आल्यावर बुल्गाकोव्ह राहिले ते बोल्शाया सादोवाया रस्त्यावरच्या घरात, ५० नंबरच्याच बिऱ्हाडात.

कादंबरीला आरंभ १९२८ चा. नाटकांवर बंदी आली, तेव्हा १९३० मध्ये त्यांनी हस्तलिखित स्वतःच्या हाताने शेगडीत घातले, आणि तसे सरकारला पत्राने कळवलेही. पुढे पुन्हा लिहायला घेतले. अखेरीस दृष्टी गेली. ते सांगत आणि पत्नी येलेना दुरुस्त्या उतरून घेत. १० मार्च १९४० रोजी ते वारले. वय अवघे ४८.

कादंबरीत सैतान जळालेले हस्तलिखित बोक्याच्या बुडाखालून सहीसलामत काढून देतो. येलेनाबाईंना मात्र सव्वीस वर्षे कागद जपावे लागले. ‘मॉस्क्वा’ मासिकाच्या नोव्हेंबर १९६६ आणि जानेवारी १९६७ च्या अंकांत कादंबरी आली, ती सुमारे आठवा हिस्सा कापून. (संपादकांनी एक परिच्छेद गाळला तर आम्ही वर्षभर रुसतो!) वाचकांनी काय करावे? गाळलेला मजकूर, कुठल्या पानावर कुठे जोडायचा त्या खुणांसह, टाइप करून हातोहात फिरवला.

येलेनाबाई १९७० साली गेल्या. मॉस्कोत न कापलेली कादंबरी छापून आली १९७३ मध्ये.