कार्टर-केनेडी उमेदवारी लढत (१९८०)

अमेरिकेत पदावरील राष्ट्राध्यक्षालाही पक्षाची उमेदवारी प्राथमिक निवडणुकांतून पुन्हा मिळवावी लागते. एरवी ही औपचारिकताच असते. डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या वाट्याला मात्र खरी लढत आली. महागाई आणि इंधनटंचाईने लोक त्रासले असताना त्यांच्याच पक्षाचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी ७ नोव्हेंबर १९७९ रोजी बॉस्टनमध्ये आव्हान जाहीर केले. पण तीनच दिवस आधी तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतील कर्मचारी ओलीस धरले गेले होते आणि जनमत राष्ट्राध्यक्षांच्या पाठीशी एकवटले. त्यात, राष्ट्राध्यक्ष कशासाठी व्हायचे आहे, या साध्या प्रश्नावर दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत केनेडी अडखळले. उमेदवाराला ज्याचे उत्तर झोपेतही देता यायला हवे, असा तो प्रश्न होता.

आयोवा, न्यू हॅम्पशायर कार्टर यांनी जिंकले. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया केनेडींकडे गेले. उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींना मतदानाच्या पहिल्या फेरीत मतदारांच्या कौलाशी बांधून ठेवणारा नियम रद्द करण्याचा केनेडी गटाचा प्रयत्न ऑगस्टमधील न्यूयॉर्क अधिवेशनात फसला आणि उमेदवारी कार्टर यांना मिळाली. पक्षातील दुफळी मात्र सांधली नाही. नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवार रोनाल्ड रेगन यांनी ४८९ विरुद्ध ४९ निर्वाचक मतांनी कार्टर यांचा पराभव केला.